आजोबांची ‘डिस्पोजल’ची जीप खरोखर युद्धातली आहे का?

कऱ्हाडच्या एका सद्गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आजोबांनी स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत ‘मिलिटरी डिस्पोजल’मधून, म्हणजे लष्कराच्या जादा सामानाच्या सरकारी विक्रीतून, एक जीप घेतली. ती दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन गाडी होती, पेटीत बंद असलेली कोरी करकरीत मिळाली आणि तिला दोनशे रुपये पडले, असे घरात तीन पिढ्या सांगितले जाते. ती कल्याणहून आणली, एवढे त्यांच्या आत्यांना आठवते. आरसी बुकात मात्र ‘विलीज, १९५४’ अशी नोंद आहे (विलीज ही जीप बनवणारी अमेरिकन कंपनी), स्टिअरिंग डावीकडे आहे आणि आत मॅटाडोरचे डिझेल इंजिन आहे. ‘ही युद्धातली नाहीच, महिंद्राची आहे’ असे म्हणून एका खरेदीदाराने किंमत पाडली. दुसऱ्याने बोल्टवर ‘एफ’ हे अक्षर पाहून ती फोर्डची युद्धकालीन जीप असल्याचे छातीठोकपणे सांगितले. गाडी खरी की खोटी, आणि ती दुरुस्त करावी की विकावी, असे त्यांनी विचारले आहे.

गेली एकतीस वर्षे मी पुण्याजवळच्या माझ्या कार्यशाळेत जुन्या जीप आणि लष्करातून निघालेल्या गाड्या उघडून पुन्हा उभ्या करण्याचे काम करतो, आणि हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत दर वर्षी माझ्यापुढे येतो. माझा अनुभव असा, की ‘खरी की खोटी’ या शब्दांत तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेलेले असतात. गाडी युद्धकाळात तयार झाली का, हा पहिला. ती सरकारी विक्रीतून नागरिकाच्या हाती आली का, हा दुसरा. त्या वेळी आलेल्या गाडीतले आज किती शिल्लक आहे, हा तिसरा. यातील एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही. मुंबईत जोडलेली महिंद्राची जीप भारतीय सैन्यात वीस वर्षे राबून लिलावात निघाली, तर ती अस्सल ‘डिस्पोजल’ची गाडी असते, पण तिचा महायुद्धाशी संबंध नसतो. उलट, १९४३ साली बनलेल्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवर, आज एकही मूळ पत्रा नसतो, अशाही गाड्या मी पाहिल्या आहेत. आपल्या दोन्ही खरेदीदारांनी एकेका प्रश्नाचे उत्तर पाहिले आणि ते तिन्हींवर लावले, म्हणून त्यांची मते इतकी टोकाची आहेत.

प्रथम विक्रीविषयी सांगतो, कारण घरातली गोष्ट तिथूनच सुरू होते. युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानात दोन प्रकारचे जादा लष्करी सामान होते. एक ब्रिटिश-हिंदी सैन्याचे, ज्यात कॅनेडियन धाटणीचे फोर्ड आणि शेवरोलेचे ट्रक पुष्कळ होते. दुसरे अमेरिकन सैन्याचे; ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीला रसद पुरवण्यासाठी अमेरिकनांनी आसाम आणि बंगालमध्ये मोठे तळ उभारले होते. हे सामान परत नेण्यात अमेरिकेला रस नव्हता. १६ मे १९४६ रोजी अमेरिका आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात उसनवारीच्या युद्धसाहित्याचा हिशेब मिटवणारा करार झाला, त्यातच इथल्या शिल्लक अमेरिकन सामानाचाही निकाल लागला, आणि ते विकण्याचे काम हिंदुस्थान सरकारकडे आले. त्यासाठी दिल्लीत ‘डिस्पोजल्स’ या नावाचे खाते चालत होते, आणि आपल्या बोलीतला ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या सरकारी नावातूनच आला. पुढे १९५१ मध्ये खरेदी आणि विल्हेवाट ही दोन्ही कामे एका महासंचालनालयाखाली आली. त्याच्या इंग्रजी नावात ‘डिस्पोजल्स’ हा शब्द २०१७ मध्ये ते बंद होईपर्यंत टिकून होता.

सामान्य माणूस सरकारच्या दारात जाऊन एक जीप घेऊन येई, असे चित्र बहुतेक घरांतल्या गोष्टींत असते. अशी उदाहरणे नसतीलच असे मी म्हणणार नाही. परंतु विक्रीचा मोठा प्रवाह तसा नव्हता. माल ढिगाने, म्हणजे लॉटने विकला जाई, आणि लॉट घेण्याची ऐपत ठेकेदारांची व व्यापाऱ्यांची असे. त्या व्यवहारांचे आकारमान कळावे म्हणून एक न्यायालयीन प्रकरण सांगतो. बंगालमधील पानागड येथे पडून असलेले विमानांचे भंगार टाटा एअरक्राफ्ट या कंपनीकडून एका गिरणी कंपनीने १९४६ मध्ये दहा लाख रुपयांना घेण्याचे ठरवले, पंचवीस टक्के म्हणजे अडीच लाख रुपये आगाऊ भरले, उरलेली रक्कम मात्र भरली नाही, आणि ते अडीच लाख जप्त झाले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने जप्ती योग्य ठरवली. हे प्रकरण विमानांचे असले, तरी इतकी रक्कम आधी गुंतवणारा माणूस माल कसा हाताळील, हे त्यातून समजते. त्याला पैसा लवकर मोकळा करायचा असतो. दहा जीपच्या लॉटमध्ये तीन चालू, चार अर्ध्या खोललेल्या आणि तीन केवळ सांगाडे असतील, तर तो दहांमधून पाच किंवा सहा चालत्या गाड्या तयार करून विकतो आणि उरलेले भाग सुटे म्हणून विकतो.

माझे गुरू पन्नासच्या दशकात मुंबईत अशाच एका व्यापाऱ्याकडे फिटर म्हणून उमेदवारी करत होते. ते सांगत, की एका चेसिसवर दुसऱ्या गाडीचे इंजिन आणि तिसऱ्या गाडीची बॉडी चढवणे हे तिथले रोजचे काम होते आणि त्यात लबाडी आहे असे कोणालाही वाटत नसे. सैन्याच्या कार्यशाळांतही हेच होत असे. मोठ्या दुरुस्तीला आलेल्या गाड्या पूर्ण उघडल्या जात, इंजिने एका रांगेत, गिअरबॉक्स दुसऱ्या रांगेत, आणि पुन्हा बांधताना जे तयार असेल ते बसवले जाई. सैन्याला गाडी चालायला हवी असते. तिचे मूळपण जपणे हे सैन्याचे काम नाही. म्हणून आपल्या बोल्टवरच्या ‘एफ’वरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही. फोर्ड कंपनी स्वतः बनवलेल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ उमटवत असे हे खरे आहे. पण असे बोल्ट गेली पाऊणशे वर्षे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात आले आहेत.

आता दोनशे रुपये आणि पेटी. विलीज कंपनीने १९४१ मध्ये पहिल्या मोठ्या कंत्राटासाठी अमेरिकन सरकारला जीपची जी किंमत सांगितली, ती ७३८ डॉलर ७४ सेंट होती. त्या काळी एका डॉलरला सुमारे तीन रुपये तीस पैसे पडत, म्हणजे सरकारलाच ती गाडी जवळपास २,४०० रुपयांना पडत होती. शिवाय अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ पासून नागरी मोटारींचे उत्पादन बंद होते. युद्ध संपले तेव्हा जगभर गाड्यांचा दुष्काळ होता. ज्या वस्तूसाठी लोक रांगा लावून उभे आहेत, ती कोरी वस्तू मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी दराने कोणी विकत नाही. दोनशे रुपये खरे असतील, तर ती चालती गाडी नसून सांगाडा असावा, किंवा तो पहिला हप्ता असावा, किंवा ती रक्कम नंतरच्या एखाद्या दुरुस्तीची असून आठवणीत खरेदीशी जोडली गेली असावी. मी आजोबांच्या सचोटीवर शंका घेत नाही. रक्कम सांगणाऱ्याच्या तोंडी हळूहळू कमी होत जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पेटीची गोष्ट मात्र निराधार नाही. जहाजात जागा कमी लागावी म्हणून युद्धकाळात असंख्य जीप अर्धवट सुट्या करून लाकडी खोक्यांत परदेशी पाठवल्या जात आणि पोहोचल्यावर जोडल्या जात. ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या मनात ‘पेटीतली जीप’ हे चित्र कायमचे बसले. पुढे अमेरिकेत मासिकांतून ‘सरकारी जीप पन्नास डॉलरला’ अशा जाहिराती कित्येक वर्षे येत राहिल्या. पैसे पाठवणाऱ्याला जीप मिळत नसे, सरकारी लिलावात भाग कसा घ्यावा याची माहितीपुस्तिका मिळे. अमेरिकेतील प्रत्यक्ष व्यवस्था फार वेगळी होती. ऑक्टोबर १९४४ च्या जादा मालमत्ता कायद्याने प्राधान्यक्रम आखला होता, मार्च १९४६ पासून ‘वॉर असेट्स ॲडमिनिस्ट्रेशन’ ही संस्था विक्री पाहत होती, सरकारी खात्यांचा क्रम पहिला होता आणि परतलेल्या सैनिकांना सवलतीचा हक्क होता. तरीही गाड्या कमी आणि मागणारे अनेक, अशी स्थिती असल्याने सैनिकांची नाराजी मोठी होती.

इथे कोणी विचारील, की माल इतका होता आणि मागणीही इतकी होती, तर सगळा विकला का गेला नाही? कारण कारखानदारांना स्वतःच्याच जुन्या गाड्यांची भीती वाटत होती, आणि ती भीती पहिल्या महायुद्धाने घातली होती. १९२० मध्ये इंग्लंडमधील स्लाव येथील लष्करी डेपो हजारो वापरलेल्या गाड्यांसह एका खासगी कंपनीने विकत घेतला आणि त्या दुरुस्त करून पुढची काही वर्षे बाजारात विकल्या. लेलँड कंपनीने तर आपल्या ट्रकांची वाईट दुरुस्ती होऊन नाव खराब होऊ नये म्हणून हवाईदलाला पुरवलेले स्वतःचेच ट्रक परत विकत घेतले, किंग्स्टन येथे नव्यासारखे केले आणि हमी देऊन विकले. या उद्योगात कंपनी जवळजवळ बुडाली. पण ते पुन्हा बांधलेले ट्रक पुढे वर्षानुवर्षे चालले. मी स्वतः जुन्या गाड्या बांधतो, त्यामुळे लेलँडच्या त्या निर्णयाविषयी मला मनापासून आदर वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर याच्या उलट टोक गाठले गेले. प्रशांत महासागरातील एस्पिरितू सांतो बेटावर स्थानिक ब्रिटिश-फ्रेंच प्रशासनाने गाड्या विकत घेण्यास टाळाटाळ केली, तेव्हा अमेरिकनांनी ट्रक, जीप आणि बुलडोझर धक्क्यावरून समुद्रात ढकलले. ती जागा आज ‘मिलियन डॉलर पॉइंट’ या नावाने ओळखली जाते आणि पाणबुडे तिथे उतरून गंजलेली चाके पाहतात.

परदेशात जे विकले गेले, त्याच्या पैशातून एक चांगली गोष्टही उभी राहिली. ऑगस्ट १९४६ च्या अमेरिकन कायद्याने परदेशी विकलेल्या युद्धसामग्रीची रक्कम त्या त्या देशाशी विद्यार्थी आणि अध्यापकांची देवाणघेवाण करण्यासाठी वापरण्याची सोय केली. तीच फुलब्राइट शिष्यवृत्ती. भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. महाराष्ट्रातील कित्येक अभ्यासक ज्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तिच्या मुळाशी पडून राहिलेल्या ट्रकांचा आणि जीपचा पैसा आहे, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी हेलावून जाते.

दुरुस्त करून विकलेल्या युद्धकालीन गाड्यांवर किती विसंबावे, याचा धडा खुद्द भारत सरकारनेही घेतला आहे. काश्मीरच्या लढाईच्या काळात, १९४८ मध्ये, लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कार्यालयामार्फत अशा जीपची मागणी नोंदवली गेली. त्यांतील १५५ गाड्या आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. संसदेत ते प्रकरण १९५५ पर्यंत गाजत राहिले. खरेदीपूर्वी तपासणी नीट झाली नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप होता, आणि आपल्याकडे येणाऱ्या खरेदीदारालाही मी तोच सल्ला देईन.

इथवरच्या माहितीचा आपल्या गाडीपुरता अर्थ असा. गाडी ‘डिस्पोजल’मधून आली हे पूर्णपणे संभवनीय आहे. कल्याणला युद्धकाळात मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथे निर्वासित वसवले गेले आणि त्या छावणीचेच उल्हासनगर झाले. त्यामुळे आत्यांच्या आठवणीला मी वजन देतो. कोरी आणि दोनशे रुपयांना, हे दोन तपशील मी बाजूला ठेवतो. गाडी युद्धकाळात बनली का, याचे उत्तर मात्र गोष्ट देऊ शकत नाही आणि आरसी बुकही देऊ शकत नाही. ते लोखंडच देईल.

लोखंड पाहताना सुरुवात बॉडीपासून करू नका. बॉडी सर्वांत आधी गंजते, म्हणून सर्वांत आधी बदलली जाते. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजच्या गाडीला ‘एमबी’ आणि फोर्डच्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’ म्हणतात. त्यानंतरच्या नागरी जीप, म्हणजे १९४५ ची ‘सीजे-२ए’ आणि तिच्या लगतच्या पुढच्या आवृत्त्या, याच आराखड्यातून निघाल्या. चाकांमधले अंतर या सर्वांत ऐंशी इंचच आहे, म्हणून टेपने मापून काही सिद्ध होत नाही. डाव्या स्टिअरिंगनेही होत नाही, कारण आपल्याकडे जोडलेल्या महिंद्राच्या जीपही कित्येक वर्षे डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. ग्रिलमध्ये नऊ फटी असतील तर ते युद्धकालीन ग्रिल आहे आणि सात असतील तर नागरी, हे बरोबर आहे. पण ग्रिल काही बोल्ट काढून अर्ध्या तासात बदलता येते. बॉनेट उंच असेल तर ती ‘सीजे-३बी’ची बॉडी आहे, आणि मागे उघडणारे फळके असेल तर टब, म्हणजे बसण्याच्या जागेचा पत्र्याचा भाग, नागरी आहे किंवा कोणीतरी मागचा पत्रा कापला आहे.

मी प्रथम पाहतो ती रेडिएटरच्या खालची, चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना पुढे जोडणारी आडवी पट्टी. ती गोल नळीची असेल, तर ती विलीजची युद्धकालीन चेसिस असण्याची शक्यता फार मोठी आहे. ती उलट्या ‘यू’सारखी असेल, तर फोर्ड की नंतरची नागरी चेसिस, हे नंबरावरून आणि इतर खुणांवरून ठरवावे लागते. विलीजने चेसिसचा नंबर एका छोट्या पट्टीवर कोरून ती डाव्या बाजूच्या चेसिसला आतून, पुढच्या बंपरच्या मागे रिव्हेटने लावली होती. ही पट्टी बहुतेक गाड्यांत हरवलेली असते आणि नव्या बनवलेल्या पट्ट्या बाजारात मिळतात, म्हणून पट्टीपेक्षा मी रिव्हेटच्या जुन्या भोकांकडे लक्ष देतो. फोर्डने नंबर थेट चेसिसवर, डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगजवळ ठोकला आहे. त्यामुळे फोर्डची चेसिस बोलती असते, फक्त तिच्यावर पाऊणशे वर्षांचा रंग आणि ग्रीस असतो. फोर्डच्या गाडीत चेसिसचा आणि मूळ इंजिनाचा नंबर एकच असे. विलीजच्या गाडीत ते वेगवेगळे असत, म्हणून तिथे नंबर जुळत नाहीत याचा अर्थ इंजिन बदलले असा होत नाही. मागच्या चाकाच्या मध्यभागी सहा बोल्टची तबकडी असेल, तर ते युद्धकालीन पद्धतीचे हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचे कवच, आहे. नंतरच्या बहुतेक नागरी जीपमध्ये तिथे झाकणाखाली एकच मोठा नट असतो. ही खूण पूरक म्हणून धरावी, कारण हौसिंगही बदलले जातात.

या क्रमाचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला त्यांची जीप दाखवली. टबवर फोर्डच्या खुणा होत्या, बोल्टवर ‘एफ’ होता, हौसिंग बरोबर होते, आणि मी ती फोर्डची गाडी असल्याचे लिहून दिले. गाडीच्या पुढच्या भागात मागाहून वेल्ड केलेल्या जाड पट्ट्यांनी आडवी पट्टी पूर्ण झाकली होती, आणि ती उघडून पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. काही महिन्यांनी काम सुरू झाले, त्या पट्ट्या कापल्या आणि आत गोल नळी निघाली. विलीजच्या चेसिसवर फोर्डचा टब बसवलेला होता. तोपर्यंत त्या कुटुंबाने माझ्या शब्दावर एका संग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेतली होती, आणि ती त्यांना परत करावी लागली. गाडी युद्धकालीनच होती, तरीही माझे लिहिणे चुकीचे होते आणि त्याचा भार त्यांच्यावर पडला. त्या दिवसापासून चेसिस पुढून उघडी केल्याशिवाय मी कोणालाही लेखी मत देत नाही.

आता ‘१९५४’ या नोंदीकडे येतो. लष्कराच्या गाड्यांची नोंद लष्कर स्वतःच करते आणि त्यांना बाणाचे चिन्ह असलेला नंबर असतो. गाडी सैन्यातून बाहेर पडली, की नव्या मालकाने नागरी नोंदणी करून घ्यायची, ही पद्धत आजच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० मध्येही आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांत पहिल्या नागरी नोंदणीचे वर्षच कारकुनाने निर्मितीचे वर्ष म्हणून लिहिलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. १९४३ ची गाडी लॉटमधून १९४७ मध्ये सुटली, व्यापाऱ्याच्या वखारीत राहिली, बांधली गेली आणि १९५४ मध्ये पासिंग झाली, हे सहज घडू शकते. तितकेच सहज हेही घडू शकते, की ती खरोखरच १९५४ च्या सुमारास मुंबईत जोडलेली नागरी विलीज आहे, कारण माझगावला महिंद्राकडे ही जोडणी चाळीसच्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. या दोहोंत निवड करण्यासाठी आरटीओकडे ‘बी रजिस्टर’चा, म्हणजे तिथल्या वाहन नोंदवहीचा, उतारा मागा. जुन्या नोंदवहीत पहिल्या मालकाचे नाव, कधी कधी व्यापाऱ्याचे नाव आणि मूळ इंजिन नंबर मिळतो. त्या नंबराच्या आधी ‘एमबी’ किंवा ‘जीपीडब्ल्यू’ अशी अक्षरे निघाली, तर आपले निम्मे काम झाले. घरातल्या जुन्या ट्रंकांमध्ये रिलीज ऑर्डर (गाडी सोडल्याचा सरकारी आदेश) किंवा विक्रीची पावतीही शोधा; अशी एक पिवळी पावती दहा तज्ज्ञांच्या मतांपेक्षा मोलाची असते.

दुरुस्ती की विक्री, याचे उत्तर या तपासणीनंतर बदलेल, म्हणून आज दोन्हींपैकी कोणत्याही खरेदीदाराला शब्द देऊ नका. चेसिस युद्धकालीन निघाली आणि तिचा नंबर आरसीशी जुळला, तर टब नागरी असला, इंजिन मॅटाडोरचे असले, तरी ती गाडी मूळ रूपात नेण्यासारखी आहे. तिचे मूळ चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन नागरी जीपमध्येही वापरले गेल्याने भाग अजून मिळतात. चेसिस युद्धकालीन आहे पण नंबर आरसीशी जुळत नाही, ही सर्वांत अवघड स्थिती आहे. अशा वेळी कोणी ‘नंबर पंच करून देतो’ म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे, आणि एकदा चेसिसवरचा मूळ नंबर घासला गेला, की ती गाडी कोण होती हे पुन्हा कधीही कळणार नाही. चेसिस नागरी निघाली, तर आपल्याकडे पन्नाशीतली एक चांगली जीप आहे. तिला युद्धाचा पोशाख चढवण्यापेक्षा ती जशी आहे तशी सुदृढ करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याचा एक भाग या निर्णयावर परिणाम करतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे टिकते आणि नूतनीकरणाला पाच हजार लागतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून शेतावर ये-जा करण्यासाठी ती लागत असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवा आणि मॅटाडोरचे इंजिन आरसीवर चढलेले आहे का, ते आधी तपासा. ते चढलेले नसेल, तर अपघाताच्या प्रसंगी विम्याचा दावा अडकतो.

प्रत्यक्ष काम या आठवड्यात एवढेच करा. चेसिसच्या डाव्या पट्टीवर, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगपासून पुढच्या टोकापर्यंत, डिझेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर ठेवा आणि सकाळी पितळी ब्रशने हळू घासा. ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा लोखंडी ब्रश त्या जागी अजिबात लावू नका. अक्षरे दिसू लागली, की आरटीओत घेतात तसा पातळ कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घ्या, एकाच जागेचे तीन छाप घ्या, आणि पुढच्या आडव्या पट्टीचा खालून काढलेला फोटो त्यांच्याबरोबर जोडा. नंबर अर्धवट दिसला, तर अंदाजाने अंक भरू नका; मोकळी जागा मोकळीच ठेवा. आणि आत्यांशी निवांत बसून बोला. कल्याणला गाडी आणायला आजोबांबरोबर कोण गेले होते, ती चालवत आणली की दुसऱ्या गाडीमागे ओढत आणली, आणि घरी आली तेव्हा तिचा रंग कोणता होता, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ओढत आणली असे त्या म्हणाल्या, तर दोनशे रुपयांचाही उलगडा होईल.